मोरसवाडीचा उतार

सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. तारीख चौदा डिसेंबर, गेल्या सालची. ठिकाण मोरसवाडीचा उतार, कोयनेच्या फुगवट्याच्या काठाला. धुकं. — हे लिहा आधी, सेक्रेटरीसाहेब, मग मला सही मागा. तुमच्या सायकल क्लबच्या ह्या कागदावर रकाना हाय, 'गेल्या वर्षीची दुर्घटना', आणि तिथं तुमी लिहिलंय 'एक'. एक काय? एक पंक्चर? एक चेन तुटली? राणी म्हणून लिहायला हात दुखतो व्हय? राणी — वय सव्वीस, कुपवाडच्या कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात, दुचाक्यांच्या त्या लोंढ्यातनं रोज सायकलनं येणार-जाणार. दोन अक्षरं हायत नावाला, तेवढी मावली असती. आणि त्याच्याखाली काय लिहिलंय? वाचा की. मोठ्यानं वाचा. — न्हाई वाचत? मी वाचतो. चष्मा कुठं गेला… हां. 'कारण: ब्रेक निकामी.' आणि त्याच्याखाली, 'सायकल तपासणारा: नाथाजी, माजी हवालदार, सायकल दुकान, कुपवाड रोड.' आणि पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीया, म्हाताऱ्याला सही कुठं करायची ते कळावं म्हणून. लय उपकार झाले.

बसा. — त्या स्टुलावर नको, तिथं ग्रीस हाय, तुमची प्यांट ऑफिसची दिसतीया. इकडं बसा. आणि त्या स्पोकना हात लावू नका. न्हाई, मोडत काय न्हाईत, पण मी लावून ठेवल्यात त्या. डोकी एका अंगाला, आट्यांची टोकं एका अंगाला. बावीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या, तिथं पान्हा जरी खाली ठेवला तरी तोंड ठरल्या बाजूला. आमची मंडळी जिवंत हुती तवा म्हणायची, ह्यो माणूस चुलीच्या काटक्यासुद्धा रांगेत रचतो. रचतो, काय करणार? हातच तसे चालतात. डोक्याला इचारत न्हाईत.

आता वर बघा. आकड्याला टांगलीया ती निळी सायकल — तीच. पोलिसांनी दोन महिन्यांनी सोडली, तिचा बाप बिरदेव टेम्पोत घालून थेट इथं घेऊन आला. घरी नेली न्हाई. म्हणला, तुमच्याकडनंच घेतली हुती, तुमीच ठिवा. तवापासून मी तिला फडकंसुद्धा लावलं न्हाई. रिमवर गाळ दिसतोय का, पिवळा? धरणातला हाय. उठा, चाक फिरवा. फिरवा की, चावत न्हाई. आता ब्रेक ओढा. — काय झालं? थांबलं न्हवं? मागचं बघा. तेबी थांबलं. वायर तीच, रबर तेच, एक स्क्रू मी हलवलेला न्हाई. रबर अजून तीन मिलिमीटर शिल्लक हाय, मापून घ्या, कॅलिपर तिथं खिळ्याला हाय. मग ब्रेक निकामी झाला कसा? पाण्यात गेल्यावर बिघडला आणि दुकानात आल्यावर आपला आपण बरा झाला? — हसू नका. न्हाई हसला? बरं. साडेसातला मी तिथं पोचलो त्या दिवशी, आणि टेप माझ्या खिशात असतो कायम. डांबरावर टायरची काळी रेघ हुती, शेवटाला वाकडी झालेली. अकरा मीटर. पाण्याच्या कडंला जिथं गाळ सुरू हुतो तिथपर्यंत अकरा मीटर. ज्याचा ब्रेक लागत न्हाई तो अकरा मीटर रेघ ओढतो व्हय? वर वाडीत बनुबाई म्हणून म्हातारी हाय, ती धार काढत हुती, तिनं ऐकलंय सगळं — आधी फ्रीव्हीलची टिकटिक, उतरणारी सायकल टिकटिकती तशी, मग रबराची किंकाळी, आणि मग काय न्हाई. काय न्हाई म्हंजे काय न्हाई. राणीनं पाणी बघितलं, तिनं ब्रेक दाबला, ब्रेक लागला. ब्रेक नव्हता संपला, सेक्रेटरीसाहेब. रस्ता संपला हुता. हे लिहा.

रस्ता पाण्यात कसा संपतो म्हणता? खरं हाय, तुमी नवीन. गेल्या वर्षी शंभूराज सेक्रेटरी हुता, तुमी नव्हता. ऐका मग. मोरसवाडी दोन हायत. जुनी धरणात गेली, आमच्या बापाच्या काळात, आणि नवी वर डोंगराच्या सोंडेवर बसवली. पण जुन्या गावाला उतरणारा रस्ता हाय तिथंच हाय. उन्हाळ्यात धरण उतरलं की तो उघडा पडतो, वरचा दीड किलोमीटर तर चांगला डांबरी, खाली दगडगोट्याचा, जुन्या देवळाच्या दीपमाळेपासनं पलीकडच्या काठाला चढतो. चौदा किलोमीटरचा वळसा वाचतो त्यानं. टेम्पो जातात, वऱ्हाडं जातात, भांड्यावाला फटफटीवरनं जातो. शिमग्यापासून मृगापर्यंत तो रस्ता हाय, आणि उरलेलं साल त्याच्यावर चार पुरुष पाणी. दीपमाळेचा शेंडाबी दिसत न्हाई. आता तुमी सांगा — क्लबच्या सायकल-सफरीसाठी आमी ह्या रस्त्याची पाहणी कवा केली असंल?

मे महिन्यात. बरोबर. कॉलेजात शिकलाय, लगेच कळलं. शंभूराजालाबी शिकायला काय कमी नव्हतं. ह्याच टेबलावर, तिथं ती चेनची पेटी दिसतीया न्हवं, तिथं त्यानं लॅपटॉप उघडला हुता. 'शिरवळ ते सांगली, मागच्या अंगानं, पाच दिवस.' हायवेला टायर लावायचा न्हाई. शिरवळातनं निघायचं, वाईवरनं घाट चढायचा, मग फुगवट्याच्या काठाकाठानं वाड्या-वस्त्यांतनं पाटणच्या अंगाला उतरायचं, चांदोलीच्या रानाच्या कडंनं शिराळ्याला आणि तिथनं घरी. योजना वाईट नव्हती — मी वाईट म्हणणार न्हाई, मला ती आवडली हुती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसवलं आणि इचारलं, काका, दर दहा सायकलींमागं टायर किती घ्यायचे? चेन किती? घाटात मागच्या चाकाच्या स्पोक तुटतात, पुढच्या न्हाई, हे त्याला मी सांगितलं. पाणी कुठं भरायचं, टेम्पो कुठं थांबवायचा, कुठल्या घाटात मोबाइल लागत न्हाई, सगळ्यात शेवटी कोण चालणार — सगळं मी लिहून दिलं. एक्केचाळीस माणसं निघणार हुती. एक्केचाळीस सायकली मी ह्या हातानं उघडल्या आणि बांधल्या. राणीची दोनदा.

आणि मग नकाशा. मोबाइलवर वरनं काढलेला फोटो दिसतो न्हवं, उपग्रहाचा? त्याच्यात सगळं तपकिरी, पाणी लांब खाली, आणि रस्ता पांढऱ्या दोऱ्यासारखा स्वच्छ. म्हंजे उपग्रहानंबी उन्हाळ्यातच वाकून बघितलं हुतं. आणि आमीबी. तिघांनी एकदम मे महिन्यात बघितलं, दोघं सायकलवरनं आणि एक आभाळातनं, आणि तिघांचं एकमत. शंभूराजनं लिहिलं, 'तिसरा दिवस: सीनिक डिसेंट टू लेक.' मला अर्थ इचारायला लागला. म्हणला, काका, तळ्याकडं उतरणारा देखणा उतार. देखणा! इंग्रजीत लिहिलं की सगळं देखणं हुतं. — न्हाई, मी त्याला नावं ठेवत न्हाई. ठेवतो. ठेवतोच. का ठेवू नये? दिवाळीनंतर दुसरी पाहणी करायची ठरली हुती. ठरली हुती! माझ्या वहीत माझ्या अक्षरात हाय, 'दिवाळीनंतर पुन्हा जाऊन बघणे'. कोण गेलं? कोण न्हाई. त्याला टी-शर्टांचा रंग ठरवायचा हुता, सातारचा पाहुणा बोलवायचा हुता, झेंडा कुणी दाखवायचा त्याच्यावरनं दोन बैठका झाल्या. मी… माझ्याकडं एक्केचाळीस सायकली हुत्या, मी कुठं जाणार? मी मेकॅनिक हाय. रस्त्याचा आणि माझा काय संबंध?

बघू, तुमचा ह्या वर्षीचा कागद बघू. — द्या की इकडं, खात न्हाई मी. हां. पहिला दिवस, दुसरा दिवस… मोरसवाडी काढली. शहाणपण केलं. चौथा दिवस, चांदोलीची बाजू. ह्या फाट्यावर जंगलखात्याचं फाटक हाय, माहीत हाय? पाचला बंद हुतं. तुमी इथं माणसं साडेपाचला पोचवताय. मग काय करणार, फाटकापुढं भजन? आणि ह्यो ओढा? ह्याला पूल हाय? — हाय म्हणता. कवा बघितला? — कवा?

एप्रिलमधी.

गड्या, तुमी लोकं… तुमचं नाव पृथ्वीराज न्हवं? पृथ्वीराज, एक सांग मला. चुकलं, 'सांगा'. एक माणूस मेल्यावरसुद्धा तुमच्या डोक्यात डिसेंबरचा रस्ता डिसेंबरात बघायचा हे शिरत न्हाई? डोंगरात रस्ता कागदावर नसतो रं. आज हाय, उद्या न्हाई. तिथली माणसं कुणाला रस्ता इचारत न्हाईत, रस्त्यालाच इचारतात. बनुबाईनं सांगितलं हुतं आमाला, मे महिन्यात, पाहणीला गेलो तवा. तिच्या ओट्यावर बसलो, तिनं भाकरी आणि दही दिलं, वर करवंदं. शंभूराज तिचा फोटो काढत हुता, मी त्याच्या सायकलचं पंक्चर काढत हुतो. आणि ती सांगत हुती — धरण चढाय लागलं की आमच्यातला हरिबा जाऊन वरच्या फाट्यावर काट्या घालतो. करवंदीच्या, गेळ्याच्या, छातीइतक्या, रस्त्याच्या ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत. काट्या दिसल्या की म्होरं पाणी समजायचं. एसटीचा डायवरबी समजतो, शाळेतलं पोरबी समजतं. आणि शिमग्याला हरिबाच त्या काढतो, दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई, आणि त्याच काट्या होळीत जातात. त्या दिवशी रस्ता उघडला. अशी रीत हाय त्यांची, धरण झाल्यापासनं. बोर्ड न्हाई, दिवा न्हाई, सरकारी दगड न्हाई. काट्या. साठ वर्षांत एक माणूस त्या पाण्यात गेला न्हाई.

मी अर्धं ऐकलं. पंक्चरचं भोक सापडत नव्हतं, पाणी मागितलं हुतं घमेल्यात, बुडबुडं बघत हुतो. अर्धं ऐकलं म्हंजे… ऐकलं.

चहा घेणार? — नको तर नको. मलाबी नको.

काय म्हणालात? — मग वर्षभर गप्प का बसलात. व्हय. चांगला प्रश्न हाय, सेक्रेटरी झालात ते उगंच न्हाई. ब्रेक चांगला हुता तर पेपरात 'ब्रेक निकामी' छापून आलं त्या दिवशी का न्हाई ओरडलो? सायकल वर टांगलेली, गाळ रिमवर, टेपचं माप वहीत — सगळं हातात असून गप्प का? लोकांनी यायचं कमी केलं. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आया समोरच्या दुकानात न्यायला लागल्या सायकली, माझ्या डोळ्यांदेखत, मान खाली घालून. माझा जुना सुभेदार फोनवर म्हणला, नाथाजी, तुझ्या हातनं असं कसं झालं? आणि मी म्हटलं, साहेब, वय झालं. मी म्हटलं! ज्या हाताच्या कामात बावीस वर्षांत एक शेरा न्हाई…

शंभूराज आला हुता. दुसऱ्याच दिवशी, पंधरा तारखेला, इथंच, तुमी बसलाय तिथं. अंगावर आदल्या दिवशीचाच शर्ट. म्हणला, काका, ब्रेक म्हणून जाऊ द्या. मशीन हाय, मशीन बिघडतं, मशीनला कोण तुरुंगात घालत न्हाई. रस्ता म्हटलं की प्रश्न सुटतात — रस्ता कुणी आखला, कुणी बघितला, बाण कुणी लावले. ब्रेक म्हटलं की गोष्ट तिथंच मिटती. आणि मी काय म्हटलं? काय म्हटलंच न्हाई. व्हय म्हटलं न्हाई, न्हाई म्हटलं न्हाई. चेनला तेल घालत हुतो, घालत राहिलो. त्यानं ते व्हय धरलं. आता तो गेलाय विट्याच्या पाहुण्यांबरोबर, तिकडं लांब त्यांचं सोनं गाळायचं दुकान हाय, फोन उचलत न्हाई. सुटला. सोन्याच्या भट्टीपुढं बसलाय निवांत. आणि इकडं सही माझी. म्हणून ओरडतोय आज. कळलं? म्हणून. वर्षभर लोकांच्या तोंडात हुतं ते चाललं, पण माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं 'ब्रेक निकामी' — हे न्हाई हुणार. हात तोडून देईन, सही न्हाई देणार.

बाण? — बाण कुणी लावले म्हंजे? लावले की पिकअपनं. पांढऱ्या पत्र्यावर लाल बाण, तुमच्या क्लबनंच करून घेतले हुते, चाळीस का पन्नास. आदल्या दिवशी, तेरा तारखेला, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. उजेड चांगला हुता. शंभूराज गाडी चालवत हुता, आणि मागं एक जण हातोडी-खिळे घेऊन. एक जण म्हंजे एक जण. मुक्कामाचं गाव वर सहा किलोमीटरवर हुतं, तिथनं निघायचं, प्रत्येक फाट्यावर कागद बघायचा, बाण ठोकायचा, पुढं जायचं. मोरसवाडीचा फाटा घरांपासून लांब हाय, वळणावर. शेतातबी कुणी नव्हतं त्या वक्ताला. कागदावर 'उजवीकडं' हुतं, बाण उजवीकडं लागला. छातीच्या उंचीवर, सावरीच्या झाडाला, दोन खिळे. फौजेत कागदावर उजवीकडं म्हटलं की उजवीकडं, तिथं आपली अक्कल काढायची नसती. खाली उतरून बघितलं असतं तर? बघितलं असतं तर दीड किलोमीटर खाली, दीड वर. शंभूराज म्हणत हुता, अजून अकरा बाण राहिलेत, काका, चला.

… 'काका' तो सगळ्यांनाच म्हणतो. म्हणायचा.

असं बघू नका माझ्याकडं. मी सकाळी छावणीवरच हुतो, मुक्कामाच्या शाळेत, दोन सायकलींची चेन बघत हुतो. राणीनं जाताना हात केला. सगळ्यात आधी निघायची ती. गावाकडची पोर, चढाला कुणाला पुढं जाऊ द्यायची न्हाई — म्हणायची, काका, आमच्याकडं डोंगर न्हाईत, नुसता माळ हाय, इथं चढ भेटलाय तर खाऊन घेते. धुक्यात तिचा मागचा लाल दिवा चार वळणं दिसला. चौथ्या वळणानंतर न्हाई.

पोहायला येत नव्हतं तिला. म्हाईत हाय तुमाला? तुमच्या फॉर्मात त्याचा रकाना न्हाई. टँकरच्या पाण्यावर वाढलेली पोर, आटपाडीच्या अंगाची, तिच्या गावात पोहायला शिकायला पाणी कुठलं? सांगलीतलं पोर असतं तर कृष्णेत शिकलं असतं, हात-पाय मारले असते. दुष्काळातली पोर डोंगरात येऊन पाण्यात गेली. आणि तुमी लिहिता 'एक'.

बिरदेव आला हुता त्या दिवशी सायकल घेऊन, तवा तिची आई रंगुबाई टेम्पोतच बसून राहिली. उतरली न्हाई. बिरदेव इथं खाली बसला, जमिनीवर, मी खुर्ची दिली तरी. मेंढरं राखणारी माणसं ती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ह्याच घाटांतनं कोकणात उतरायची, राणी लहान असताना तिला घोड्यावर बसवून न्यायचा, कोकरांबरोबर. आता मेंढरं कमी केली, थोडी शेती करतो. मला वाटलं ब्रेकचं इचारणार. मी तयार हुतो, चाक फिरवून दाखवणार हुतो त्याला. तर त्यानं ब्रेकचं नावच काढलं न्हाई. म्हणला, हवालदार, डोंगरात आमी जातो तवा वाटंवर कुणी काट्या टाकल्या असल्या तर थांबतो. मेंढरू पुढं जाऊ देत न्हाई. हाक मारतो, कुणी आलं तर इचारतो. राणीला घोड्यावरनं दाखवलंय मी, बघ, काट्या, म्हंजे म्होरं धोका. चार वर्षांची हुती तवापासनं तिला ठावं हाय. आणि मग माझ्याकडं बघून म्हणला — हवालदार, त्या वाटंवर काट्या नव्हत्या?

मी म्हटलं, न्हाई. नव्हत्या.

खोटं हाय का? सांगा तुमी. सहा वीसला वाटंवर काट्या नव्हत्या. नव्हत्याच! खरं तेच सांगितलं. तो म्हणला, मग माझ्या पोरीची चूक न्हाई. काट्या असत्या तर ती थांबली असती. एवढंच म्हणला, पटका सारखा केला आणि उठून गेला. बाहेर रंगुबाईला काय सांगितलं त्यानं, ऐकू आलं न्हाई. टेम्पो सुरू झाला.

आणि तुमी मला सांगताय ब्रेक.

बनुबाईबी सांगत हुती त्या सकाळी, ज्याला-त्याला, हात धरून — पोरा, काट्या हुत्या रं, आखाडातच घातल्यात हरिबानं, कालपतोर हुत्या, मी गुरं वळवताना बघितल्यात. कोण लिहून घेतंय? वाडीवरची म्हातारी, दात न्हाईत, अर्धं कळत न्हाई बाहेरच्याला. हरिबा तर सावरीच्या झाडाखाली उभा राहून नुसता बघत हुता. मग कुणीतरी म्हणलं, गावातल्याच कुणी जळणाला काढल्या असतील. मीबी तेच म्हणतो. जळणाला. डोंगरातली माणसं, थंडीचे दिवस, काढल्या असतील कुणी, त्यात काय. — जळणाला काढल्या तर नेल्या का न्हाईत म्हणता? म्हंजे, असतील न्यायच्या राहिल्या. न्हाई, तिथंच हुत्या त्या, कडंच्या गटाराच्या बाजूला. पडलेल्या न्हाईत, रचलेल्या. गावचा माणूस तशा रचत न्हाई, तो फरफटत नेतो, दोरीनं. एका ढिगात हुत्या, नीट, बुडखे सगळे एका अंगाला, शेंडे सगळे एका…

…

तिकडं काय बघताय? माझ्याकडं बघा. स्पोककडं काय बघताय?

उठा. उठा तुमी. हा तुमचा कागद, हे तुमचं पेन. सही न्हाई मिळणार, ना ब्रेकची, ना दुसऱ्या कशाची. ह्या वर्षी मेकॅनिक दुसरा बघा, समोरच्याला न्या, त्याचं दुकान आता चांगलं चालतंय. — न्हाई, मला काय सांगायचं न्हाई. काय इचारू पण नका. सरका, मला शटर ओढायचंय. दुपारचे बारा वाजलेत, माहीत हाय मला; माझं दुकान हाय, मला वाटंल तवा ओढीन.

पंचनामा चार पानांचा हाय, पृथ्वीराज. मी तो तीनदा वाचलाय. त्यात 'ब्रेक' सात वेळा आलाय. 'काट्या' एकदाबी न्हाई.